मंडळीपुढे उभं राहून जुनं पाप कबूल केलं. पुढे काय?

नगरी_बाभूळ

जय ख्रिस्त आणि नमस्कार. विषय जरा घरचा आहे, म्हणून तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेत.

आमची मंडळी मराठी, प्रोटेस्टंट, जुन्या मिशन कंपाउंडातली. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, उपास-प्रार्थनेत साक्षीची वेळ असते; देवाने आपल्याला कसं बदललं ते उठून सगळ्यांपुढे सांगायचं. दरवर्षी तीच चार माणसं उठतात, त्याच साक्षी देतात. यंदा एक काका उठले. सत्तरी ओलांडलेले, कॉयरमधले. म्हणाले, दफनभूमीच्या कुंपणासाठी वर्गणी जमली होती, त्यातले पैसे वीसेक वर्षांपूर्वी मी उचलले. मुलीच्या लग्नात कमी पडत होते. परत टाकीन म्हटलं, टाकले नाहीत. एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. पाळकसाहेबांनी येऊन त्यांना मिठी मारली, कुणीतरी गीत उचललं, निम्मी मंडळी रडली. मीही रडले.

अडचण अशी की तेव्हा त्या पैशांचा आळ दुसऱ्यावर आला होता. खजिनदारांवर. सिद्ध काही झालं नाही, पण पंचांनी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि लोक त्यांच्याशी बेताचं बोलायला लागले. ते तसेच वारले. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्या संध्याकाळी तिसऱ्या बाकावर होत्या. काकांनी साक्षीत खजिनदारांचं नावही घेतलं नाही. मावशी त्यानंतर चर्चला आलेल्या नाहीत.

पाळकसाहेब म्हणतात, देवाने क्षमा केली तिथे हिशेब मागणारे आपण कोण? महिला मंडळातून मावशींना निरोप गेलाय, मन मोठं करा. मला हे पटत नाही. पण काकांना बोल लावायलाही जीभ रेटत नाही. कुणी पकडलं नव्हतं, आपणहून उघडं केलं त्यांनी. शास्त्र आणि व्यवहार, दोन्ही अंगांनी लिहा.

खडीसाखर

मन मोठं करा हा निरोप मावशींनाच का? मंडळीने केलंय का मोठं? किल्ल्या काढून घेणाऱ्या पंचांपैकी कुणी हयात असतील ना?

पाळकाची_लेक

तुमच्या पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच असणार, पण हिशेब मागू नये असं शास्त्रात कुठे आहे ते त्यांना विचारा. लेवीय सहावा अध्याय आणि गणना पाचवा अध्याय शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्याचं लुबाडलं असेल तर पाप कबूल करायचं, मुद्दल पूर्ण द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा. कुणाला द्यायचं? ज्याचा अपराध केला त्याला. तो माणूस नसेल आणि घेणारा जवळचा नातलगही नसेल, तरच ते याजकाकडे जातं. म्हणजे माणूस मेला म्हणून प्रश्न मिटतो असं नियमशास्त्र मानत नाही.

कुणी म्हणेल हा जुना करार. ठीक, मग जक्कय. उंबराच्या झाडावर चढलेला जकातदार. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा त्याने एक पैसाही परत केलेला नसतो. कृपा आधी आली. पण ती घरात शिरताच तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट. येशू त्याला "अरे राहू दे, क्षमा झाली" असं म्हणत नाही. या घराला आज तारण झालं, असं म्हणतो. आमचे वडील हा उतारा शिकवताना चौपटीवर फार वेळ घ्यायचे आणि दानाच्या थैलीची वेळ आली की लोक हसायचे.

मत्तय पाचमध्येही अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असंच आहे. अर्पण टाकून मग सवडीने भावाकडे जा, असं नाही.

मात्र काकांच्या बाजूनेही एक वचन आहे. २ करिंथ २. ज्याला मंडळीने शिक्षा केली त्याच्याबद्दल पौल लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. त्यामुळे काकांना वाळीत टाकायची भाषा कुणी करत असेल तर तीही थांबवा.

निर्मळचा_वाडा

मी वसईचा, कॅथलिक. तुमच्याकडची साक्ष आणि आमचं पापनिवेदन यांत मोठा फरक आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे हे फादरांच्या कानात, जाळीआडून. गोव्यात आजीच्या पिढीला कुमसार हाच शब्द माहीत. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा जायचा नियम आहे. ऐकलेलं फादरांनी कुठेच बोलायचं नाही, कोर्टातही नाही. थेट फोडलं तर बहिष्कार.

लोकांना वाटतं फादरांनी पाच "नमो मरिया" सांगितल्या की काम झालं. तसं नाहीये. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातला २४८७ वा परिच्छेद तुमच्या प्रकरणासाठीच लिहिलाय असं वाटावं. न्यायाविरुद्ध किंवा सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करायची जबाबदारी क्षमा मिळाल्यावरही राहते. एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असेल तर त्याचीही. उघडपणे भरपाई करणं अशक्य असेल तर गुपचूप करावी. पण तुमच्या काकांना उघडपणे करणं अशक्य कुठे होतं? माईक हातात होता.

आमच्या पद्धतीतही पळवाट आहे हे मान्य करतो. जाळीआड सगळं सांगून बाहेर येणारा माणूस शेजाऱ्याच्या बांधावर तसाच पाय ठेवून उभा असतो.

तिसरी_घंटा

मला या धाग्यावर जॉन न्यूटन आठवतोय. "अमेझिंग ग्रेस" लिहिणारा. त्याची गोष्ट आपल्याकडे प्रवचनात पाच मिनिटांत उरकतात. गुलामांच्या जहाजाचा दुष्ट कप्तान, वादळ आलं, गुडघ्यावर आला, धंदा सोडला, गीत लिहिलं. ऐकायला छान आहे, पण क्रम चुकीचा आहे.

वादळ मार्च १७४८ चं. न्यूटन तेव्हा कप्तान नव्हताच. कप्तान झाला तो त्या वादळानंतर, म्हणजे देवाकडे वळल्यानंतर. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने गुलाम भरून तीन सफरी केल्या. जहाजावर रविवारी उपासना घ्यायचा आणि खाली तळात माणसं साखळदंडात. १७५४ मध्ये समुद्र सोडला तो आजारपणामुळे. पुढे लिव्हरपूलला जकात खात्यात नोकरी, १७६४ मध्ये ओल्नी गावात धर्मसेवक. त्याच वर्षी त्याने आपल्या आयुष्याची हकिकत छापली. त्यात आपण किती शिव्याशाप देत होतो, देवाची निंदा करत होतो, हे मोकळेपणाने आहे. गुलामांच्या धंद्याबद्दल काय आहे? तुरुंगाधिकाऱ्यासारखं ते काम नकोसं वाटायचं, एवढंच. पाप म्हणून नाही. ते प्रसिद्ध गीत १७७२ च्या अखेरीला लिहिलं, १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी. १७७९ मध्ये छापलं. तरीही या धंद्याविरुद्ध जाहीर शब्द नाही.

तो आला १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी. आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावरच्या त्या पुस्तिकेत तो स्वतःला त्या धंद्याचं हत्यार म्हणतो, ही कबुली उशिरा येतेय हेही लिहितो, आणि मग नुसतं रडत बसत नाही. जहाजात माणसं कशी कोंबत, किती मरत, अंगठे पिळायचे स्क्रू कसे वापरत, सगळं देतो. नंतर संसदेच्या चौकशीत साक्षही देतो. साक्ष म्हणजे खरी. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या खासदार विल्बरफोर्सला राजकारणात राहून लढ म्हणून सांगणाऱ्यांत तो होता. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश व्यापारबंदीचा कायदा झाला, डिसेंबरात न्यूटन वारला.

माझं म्हणणं असं की तो खोटारडा नव्हता. १७६४ ची साक्षही प्रामाणिकच होती. पण ज्या पापांना त्याची मंडळी पाप म्हणत होती तेवढीच त्याला दिसली. शिवीगाळ दिसली. तळातली माणसं दिसायला चाळीस वर्षं लागली. काकांना पैसे दिसले, खजिनदार दिसले नाहीत. त्यांना वेळ द्या, पण कुणीतरी दाखवायला लागेल.

दुसरी_बाजू

इथे सगळे वकील झालेत म्हणून पाळकसाहेबांची बाजू घेतो. सत्तरीचा माणूस थरथरत उभा राहतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर हिशेबाची वही ठेवायची? पुढच्या लेंटला एक तरी माणूस उठेल का? साक्षीचा पंचनामा व्हायला लागला की लोक पुन्हा "मी फार रागीट होतो, प्रभूने मला शांत केलं" यावर येतील.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं, त्यात मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या. तिथे कुणी कलमं लावली नव्हती. आणि खुद्द पंडिता रमाबाईंचं बघा. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडात. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सरळ सांगतात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी मिळाला. इकडे धर्म सोडला म्हणून लोक टपलेले, तिकडे मिशनवाले कौतुकाने बघतायत, आणि बाई हे छापते. असं बोलायला जिथे भीती वाटत नाही ती खरी मंडळी. ती भीती आधी घालवा, वसुली मागाहून.

खडीसाखर

भीती मावशींचीही घालवा की. त्यांना चर्चला यायची भीती वाटतेय सध्या.

सावळा_गोंधळ

तिसरी_घंटा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला दंडवत. तो धागा पुढे ओढतो, थोडं कडू वाटेल.

आयुष्यभर चर्चमध्ये साक्षी ऐकल्या. दारू, तंबाखू, मटका, सिनेमा, राग. गेली काही वर्षं मोबाइल. ही सगळी परवानगी असलेली पापं आहेत. ती सांगितली की माणसाची किंमत वाढते. "आमच्या मुलीला मांग समाजातल्या ख्रिस्ती मुलाचं स्थळ आलं आणि आम्ही पत्रिका न बघता नाकारलं, कारण आम्ही महारांतले ख्रिस्ती", ही साक्ष मी एकदाही ऐकलेली नाही. पत्रिका आपण बघतच नाही, तरी कारण मात्र बरोबर सापडतं. प्रभुभोजनाचा प्याला एक, सोयरिकीची पंगत वेगळी. बहिणीला सही करायला लावून वडिलांचं घर नावावर करून घेतल्याची साक्ष? नाही. मिशनच्या जमिनीच्या व्यवहारात कुणी काय खाल्लं, याची? तिथे तर दोन्ही गट कोर्टात भेटतात.

काकांनी निदान पैशाचं सांगितलं. ते परवानगीच्या यादीत नव्हतं. त्यासाठी मी त्यांना मानतो.

आडवाट

मी ख्रिस्ती नाही, घरात वारी आहे. वाचतोय आवडीने. एक विचारू? आमच्याकडे केलेलं कर्म फेडावंच लागतं असं म्हणतात आणि दुसरीकडे तुकोबा स्वतःला पतित म्हणवून पांडुरंगाच्या पायाशी पडतात. तुमची कृपा यातल्या कुठल्या बाजूला? काका पैसे न देता वारले असते, तर त्यांना कृपा नसती?

पाळकाची_लेक

@आडवाट, ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा प्रश्न अगदी योग्य घरी विचारलात.

असती. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने काय परत केलं? काही नाही, वेळच नव्हता. कृपा परतफेडीने विकत मिळत नाही, यावर निर्मळवाले आणि आम्ही दोघेही एकमत होऊ. पण चोराला वेळ नव्हता आणि काकांना आहे. पैसे देऊन काका देवाचं काही फेडणार नाहीत. मावशींचं फेडतील. देवाने क्षमा केली हे खरं असेल तर आता काकांना लपवायचं काहीच कारण उरलेलं नाही, आणि म्हणूनच ते मावशींच्या दारात जाऊ शकतात. क्षमा नसती तर त्यांना बचावच शोधत बसावं लागलं असतं.

जर्मनीत १९३७ साली डीट्रिख बोनहोफर यांनी याला स्वस्त कृपा म्हटलं होतं. पश्चात्तापाशिवाय क्षमेचा प्रचार. नाझी सत्तेपुढे चर्च वाकत असताना लिहिलं, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी गेले. म्हणून त्यांचा शब्द मला हलका वाटत नाही.

उंबरठा

कुणी न बोललेलं बोलते. साक्षीत आपलं पाप सांगताना दुसऱ्याचं आयुष्य सांगितलं जातं. आमच्या जुन्या मंडळीत एका भावाने साक्ष दिली, मी पिऊन बायकोला पट्ट्याने मारायचो, प्रभूने सोडवलं. हालेलुया झालं. बायको बाकावर मान खाली घालून. तिने ते आपल्या आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. तिला विचारलं होतं का कुणी? त्याला साक्षीचं आमंत्रण दुसऱ्या मंडळ्यांतून यायला लागलं आणि ती "पट्टेवालीण" झाली.

आणि पुरुषाने जुनं पाप सांगितलं की तो बदललेला माणूस. बाईने सांगितलं की ती तसली बाई. २०१८ मध्ये केरळात पाद्र्यांवर आरोप झाले की त्यांनी एका विवाहितेने कबुलीत सांगितलेलं तिच्याविरुद्ध वापरलं. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी तर कबुलीची प्रथाच बंद करा अशी शिफारस केली. चर्चकडून विरोध झाला, तो मला समजतो. पण भीती खोटी नव्हती. म्हणून "सगळं सगळ्यांपुढे सांगा" असं सरसकट कुणी लिहू नका. कुणापुढे बोलायचं हे निवडायचा हक्क बाईला हवा.

एक_दिवस

+१ उंबरठाताई. माझा भाऊ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधून, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटातून, उभा राहिला. त्यांची सभा एका चर्चच्या हॉलमध्येच भरते. तिथल्या बारा पायऱ्यांतली पाचवी अशी की आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवापुढे, स्वतःपुढे आणि एका माणसापुढे मान्य करायचं. सभेपुढे नाही. आठवीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी. नववीत त्यांची प्रत्यक्ष भरपाई, पण ज्याने त्यांना किंवा इतरांना इजा होईल तिथे नाही. १९३० च्या दशकातल्या अमेरिकन दारुड्यांनी हे ठरवलं. ख्रिस्ती गटांतूनच शिकले होते म्हणतात.

भावाने यादी केली तेव्हा पहिलं नाव माझं असेल असं मला वाटलं होतं. सातवं निघालं. थोडा रागच आला.

काकांनी आठवी पायरी गाळून एकदम माईक धरला, एवढंच झालंय असं दिसतं. अजून उशीर झालेला नाही.

नगरी_बाभूळ

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला उत्तर देत नाही, पण हा धागा मी आमच्या घरी वाचून दाखवला. सासूबाईंनी दोनदा थांबवून सावळा_गोंधळ यांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला आणि मग विषय बदलला.

मावशींकडे जाऊन आले. निरोप घेऊन नाही, अशीच. त्या म्हणाल्या, "पैशाचं मला काय, ते मंडळीचे होते. आमच्या ह्यांना शेवटपर्यंत थैली फिरवायला दिली नाही कुणी. दर रविवारी बाजूला उभे राहायचे. ते चुकीचं होतं एवढं कुणीतरी बोला." काकांवर त्या फारशा चिडलेल्या नाहीत. पंचांवर आहेत. खडीसाखर, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात बरोबर होतात.

मग मी आणि नवरा काकांकडे गेलो. त्यांना म्हटलं, खजिनदारांचं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, नाव घेतलं तर मावशींना सगळ्यांसमोर लाज वाटेल असं वाटलं. मला ते खरं वाटलं. नवऱ्याला नाही वाटलं. असो. ते मावशींकडे जायला तयार आहेत, पण एकटे नको म्हणतात. पाळकसाहेबांना सोबत न्यायचं ठरलंय. पाळकसाहेबांना लेवीय सहा दाखवलं. ते म्हणाले, माहितेय मला. पण नंतर स्वतःच फोन करून पंचांची बैठक लावली.

पैसे काका देतायत. पाचवा हिस्सा धरून. मुलीला कळलंय आणि ती म्हणते निम्मे मी घालते, लग्न माझंच होतं.

आता अडलंय ते खजिनदारांच्या नावावर. पंचांपैकी दोघे म्हणतात रविवारी सूचना वाचताना दोन वाक्यं बोलून टाकू. एक म्हणतात जुनं उकरू नका, तेव्हाच्या पंचांची बेअब्रू होईल. कुणाला व्यवहारातलं कळत असेल तर सांगा.

हिशेबनीस

व्यवहारापुरतं लिहितो, शास्त्र तुम्ही बघा.

मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर जुनी इतिवृत्तं कपाटात असणार. आधी ती काढा. खजिनदारांच्या किल्ल्या काढल्याचा ठराव लेखी झाला होता का ते बघा. झाला असेल तर तोंडी दोन वाक्यांनी तो पुसला जात नाही. जिथे लिहिलं गेलं तिथेच दुरुस्त व्हायला हवं. नवीन ठराव करा: अमुक तारखेच्या ठरावात ज्यांच्याकडून कारभार काढून घेतला त्यांचा रकमेशी संबंध नव्हता असं आता निष्पन्न झालं आहे, मंडळी खेद व्यक्त करते. काकांचं नाव ठरावात घालायचं की नाही ते काकांना विचारून ठरवा, पण खजिनदारांचं पूर्ण नाव हवंच. लेखी ठराव नसेल, नुसतीच कुजबुज असेल, तरी हाच ठराव करा.

रक्कम दानपेटीत टाकू देऊ नका. बँकेतून, पावती करून, दफनभूमीच्या खात्याला. पावतीवर "देणगी" लिहू नका. ती देणगी नाही.

तेव्हाच्या पंचांच्या बेअब्रूचं म्हणाल तर त्यांनी सह्या केल्यात, आता हयात असतील त्यांनी यावरही करावी.

नगरी_बाभूळ

इतिवृत्त सापडलं. ठराव लेखी आहे. सूचक म्हणून सही कुणाची आहे ते इथे लिहीत नाही, पण आता माझ्या घरातही एक बैठक घ्यावी लागणार आहे.

@हिशेबनीस, ठराव उपासनेत वाचायचा की आमसभेत?

हिशेबनीस

मंजूर आमसभेत करा, मग वाचा उपासनेत. सही-शिक्क्याची एक प्रत मावशींना घरी नेऊन द्या. पोस्टाने नको.